बावन्न किलोमीटर रिकामे

बसचा डेपो कुठे असावा याचं म्हणे शास्त्र आहे. गाड्या जिथून सुटतात आणि जिथे संपतात त्याच्या जवळपास डेपो असावा, म्हणजे गाडी रिकामी पळत नाही, एवढं साधं ते शास्त्र. पण ठेकेदार कंपनीला वडनेर भोलजीला, हायवेला लागून, मालकाच्या मेव्हण्याचं पडीक शेत मिळालं आणि शास्त्र तिथेच आटोपलं. डेपो वडनेरला झाला. गाडीच्या फेऱ्या मात्र तिकडे वरवट बकाल, संग्रामपूर, जळगाव जामोद या पट्ट्यात. त्यामुळे फकीर मोहम्मदची गाडी रोज सकाळी बावन्न किलोमीटर रिकामी जायची आणि संध्याकाळी बावन्न किलोमीटर रिकामी परत यायची. कागदावर याला ‘डेड किलोमीटर’ म्हणतात. ड्रायव्हर लोक नुसतंच ‘डेड’ म्हणतात.

बाकीच्या ड्रायव्हरांना डेड आवडायचं. पॅसेंजर नाही, घंटी नाही, सुट्ट्या पैशांची वादावादी नाही. दरवाजा लावायचा, मोबाइलवर गाणी लावायची आणि घराची वाट धरायची. फकीर मोहम्मद मात्र पाच वाजले की घामेजायला लागायचा. वरवट बकालच्या थांब्यावर पावणेसहाला शेवटची फेरी संपायची. कंडक्टर वामनराव तिथलाच राहणारा, आणि रिकाम्या गाडीत तिकीट नाही म्हणजे कंडक्टरही नको, म्हणून तो मशीन बॅगेत टाकून उतरून जायचा. त्याची पाठ दिसेनाशी झाली की फकीर आभाळाकडे पाहून उरलेला उजेड मोजायचा.

कारण फकीर मोहम्मदला अंधारात दिसत नव्हतं.

हे दोन वर्षांपूर्वी कळलं. म्हणजे तसं ते त्याला लहानपणीच कळायला हवं होतं. त्याचा बाप पिंजारी, गावोगाव गाद्या भरायचा. दिवस मावळला की तो भिंतीला हात लावत लावत मोरीकडे जायचा आणि वाटेत तांब्याला पाय लागून तांब्या घरंगळायचा. पोरं हसायची. फकीरही हसायचा. बाप म्हणायचा की आमच्या घरात डोळे कोंबड्यांसारखे आहेत, संध्याकाळी मिटतात. हा विनोद आहे असं फकीरला पंचेचाळीस वर्षं वाटत राहिलं.

खामगावच्या डॉक्टरने त्यातला विनोद काढून टाकला. रातांधळेपणा आहे, घराण्यातून आलेला आहे, दिवसा बरीच वर्षं काही बिघडणार नाही, अंधारात मात्र कमी कमी होत जाणार, औषध नाही. संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही, असं त्याने चिठ्ठीवर लिहूनही दिलं. फकीरने ती चिठ्ठी चार घड्या घालून ट्रंकेत शेरवानीच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली. वय एकावन्न. तेविसाव्या वर्षापासून हातात स्टिअरिंग, दुसरा धंदा येत नाही. मुलगी फिजा अकोल्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. ठेक्यावरच्या ड्रायव्हरचे डोळे गेले तर त्याला टेबलावर बसवायचं, अशी काही सोय कंपनीत नव्हती. डोळे गेले की माणूस गेला. कंपनी डोळे तपासायची नाही असंही नव्हतं. वर्षातून एकदा, सकाळी अकरा वाजता, खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत तपासायची. फकीर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवायचा. तपासणारा खूश व्हायचा.

उन्हाळ्यात निभायचं. मे-जूनमध्ये नांदुऱ्यापर्यंत उजेड पुरायचा. सकाळचंही चालून जायचं, कारण सकाळी उजेड वाढत जातो आणि भीती कमी होत जाते. संध्याकाळचं उलट. दसऱ्यानंतर दिवस असे काही आखडत की रोज दोन मिनिटं कोणी चोरून नेतंय असं वाटायचं. हेडलाइट असतातच, पण फकीरला त्या उजेडात रस्ता दिसायचा तो दुधात पाणी घातल्यासारखा. पांढरं सगळं, कडा कशालाच नाही. समोरून ट्रक आला की तेवढंही जायचं, आणि पुढचे काही क्षण तो अकरा टनांची गाडी केवळ अल्लाच्या भरवशावर सरळ ठेवायचा.

आणि कचरूच्या भरवशावर.

कचरू दुधाचा टेम्पो चालवायचा. वरवट बकालच्या दूध केंद्रावरचे कॅन भरून तो सहा-दहाला नांदुऱ्याच्या शीतकरण केंद्राकडे निघायचा. फकीर थांब्यावर चहा घेत रेंगाळायचा, टेम्पो हलला की गाडी काढायचा, आणि पार नांदुऱ्यापर्यंत त्या टेम्पोच्या उजव्या कोपऱ्यातल्या लाल दिव्याच्या मागे जायचा. दिवा डावीकडे गेला की वळण डावीकडे. दिवा उडाला की गतिरोधक. दिवा खाली गेला की पूर्णेच्या पुलाचा उतार. नांदुऱ्याच्या अलीकडे मारुतीच्या उंच मूर्तीवरचे दिवे आभाळात पिवळे दिसले की फकीर मोहम्मद मनातल्या मनात त्या मारुतीला सलाम करायचा. तिथून पुढे हायवे, दोन्ही बाजूंनी उजेड, डेपो जवळ.

सुटायला रोज वीस-पंचवीस मिनिटं उशीर होतो म्हणून कंपनीने दोनदा तंबी दिली. फकीरने इंजिन तापतं, पाणी टाकतो, असं काहीबाही सांगितलं. खरं कारण कचरूलाही माहीत नव्हतं. त्याने एकदा विचारलं होतं.

“फकीरभाई, तुमी माह्याच मांगं मांगं काऊन येता? पुढं काढा ना गाडी.”

“सोबत बरी वाटते बे.”

कचरूला याचं फार अप्रूप वाटलं. एवढा मोठा बसवाला आपल्या फुटक्या टेम्पोच्या सोबतीला थांबतो, हे त्याने गावभर सांगितलं. ईदला तो दोन लिटर दूध घेऊन वडनेरला शीरखुर्म्याला आला आणि फकीरच्या बायकोला, बानोला, वहिनी म्हणून गेला.

गेल्या माघात तो दिवा विझला. पुलाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. लाल ठिपका समोर होता तो अचानक नव्हता. फकीरला वाटलं टेम्पो वळला, म्हणून त्यानेही थोडं डावीकडे घेतलं, आणि काहीतरी गाडीखाली आलं. धप्प असा आवाज, मग लोखंड फरपटल्याचा. त्याने ब्रेक दाबला. खाली उतरून बघायचं तर दिसणार काय? तो जागेवरूनच ओरडला, “कोणी हाय काय?” उत्तर आलं नाही. खिडकीतून नदीचा ओला वास येत होता. पाचेक मिनिटांनी त्याने गाडी पुढे काढली, आणि ती रात्र त्याने अंथरुणावर बसून काढली. बानोने दोनदा पाणी दिलं. ती हल्ली काही विचारत नसे. फक्त दिवस मावळायच्या आधी दारातला बल्ब लावून ठेवायची.

सकाळी पुलाशी गाडी हळू केली तेव्हा दिसलं. रस्त्याच्या कामावरचा डांबराचा रिकामा ड्रम चपटा होऊन पडला होता. ड्रमपासून दोन हातांवर मजुरांनी ताडपत्री बांधली होती आणि तिथे एक बाई चूल पेटवत बसली होती. तिच्या मांडीवर लेकरू होतं. बाईने गाडीकडे पाहिलं, परत फुंकणी तोंडाला लावली. फकीरने त्या दिवशी ठरवलं की बस, आता सोडायचं. मग फिजाचा फोन आला, परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. सोडायचं ते पुढच्या वर्षावर गेलं. माणूस वाईट नव्हता. पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून वाईटच घडायला बसलेलं असतं.

अशात या वर्षी पितृपक्षात विभागाच्या कार्यालयातून जयमाला मॅडम आल्या. तिशीतल्या, पायात स्पोर्ट्स शूज, हातात टॅब. रिकामं धावणं कमी करायचं, गाड्या रात्री कुठे उभ्या केल्या तर डेड वाचेल ते पाहायचं, हे त्यांचं काम. त्या डेपोत ड्रायव्हरांना विचारत होत्या आणि ड्रायव्हर खांदे उडवत होते. डेड म्हणजे त्यांचा आराम. आपला आराम कमी करायची सूचना कोण देईल? फकीर मोहम्मद मागे उभा होता. मॅडमच्या तोंडून “वरवट बकालला मुक्काम ठेवला तर” एवढे शब्द पडले आणि त्याचे डोळे लकाकले. मुक्काम! गाडी पावणेसहाला जिथे थांबते तिथेच रात्री उभी राहील. अंधारातले बावन्न किलोमीटर नाहीत, पूल नाही. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

मुका माणूस बोलायला लागावा तसा तो बोलत सुटला. पूर्वी वरवटला मुक्कामाची गाडी असायची, ड्रायव्हर-कंडक्टरला गावातून आळीपाळीने भाकर यायची, एक दिवस या घरची, एक दिवस त्या घरची, गाडीच्या भाकरीला कोणी कधी नाही म्हटलं नाही. ग्रामपंचायतीची बाजारालगतची जागा मोकळी आहे, नळ आहे, खांबावर दिवा आहे, डिझेल दोन दिवस पुरतं. जयमाला मॅडम लिहून घेत होत्या. आणि मग, सगळं बोलून झाल्यावर, वर साखर पेरावी म्हणून फकीर म्हणाला, “जाताना बावन, येताना बावन. एकशेचार किलोमीटर हवा वाहून राह्यलो आपण, म्याडम. एवढ्यात टुनकीची एक फेरी निघते.”

मॅडमनी मान वर केली. टुनकीचं काय, त्यांनी विचारलं. वामनराव त्या दिवशी हिशेबासाठी डेपोत आलेला, शेजारीच होता, त्याने सांगितलं की सोनाळा-टुनकीकडच्या बायका वरवटच्या बाजारातून संध्याकाळी ऑटोला लटकून जातात, पाचनंतर तिकडे एकही गाडी नाही. मॅडमनी तेही लिहून घेतलं. जिभेला हाड नसतं हे खरं, पण फकीरच्या जिभेने त्या दिवशी जे केलं ते कळायला अजून दोन महिने होते.

ते दोन महिने तो जिवाच्या आकांताने मुक्कामामागे लागला. दुपारच्या सुट्टीत ग्रामपंचायतीत जाऊन ठरावाची आठवण करायचा. जागेवरची बाभळीची झुडपं त्याने स्वतः कुऱ्हाड घेऊन तोडली. ड्रायव्हर लोक म्हणायचे, याला घरी जायचा कंटाळा आलाय. बानोच्याही कानावर गेलं. तिने एकदाच, सुट्टीच्या दिवशी, भाकरी तव्यावर टाकताना, पाठमोरीच म्हटलं, “फिजाचे अब्बा, घरी यायचं मन नाई राह्यलं काय?” दारातला बल्ब उजेडात जळत होता आणि दोघंही त्याच्याकडे पाहत नव्हते.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात डेपोच्या फळ्यावर नवीन वेळापत्रक लागलं. वामनरावाला ग्रामपंचायतीतून कळलं, त्याने फोन करून सांगितलं, मुक्काम मंजूर. फकीर पेढ्याचा पुडा घेऊनच डेपोत शिरला. पहिली ओळ त्याने वाचली: मुक्काम, वरवट बकाल. त्याने वॉचमनला पेढा दिला, फिटरला दिला, डोळे पुसले. मग दुसरी ओळ वाचली. सायंकाळी सव्वासहा, वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा, टुनकी आणि परत. वाचलेल्या किलोमीटरमधून नवीन फेरी. ड्रायव्हर, फकीर मोहम्मद.

पुड्यात चार पेढे उरले होते. ते तसेच हातात राहिले.

आधी गाडी रिकामी होती. रस्त्यावरच्या माणसांना धोका होताच, पण त्याचा विचार न करायला तो शिकला होता. आता तोच अंधार आणि पाठीमागे पन्नास माणसं. शिवाय त्या रस्त्याला कचरू नाही. टुनकीकडे ठरल्या वेळी पुढे जाणारं एकही वाहन नाही, ऑटो भरला की कधीही सुटतो, भरवशाचा असा कुणाचा लाल दिवा नाही. आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय ते त्याला कळलं, आणि फुफाटा त्याने स्वतःच्या हाताने रचला होता, वर साखर पेरून.

तो डेपो मॅनेजरकडे गेला. संध्याकाळची फेरी दुसऱ्या कुणाला द्या, म्हणाला. मॅनेजर हसला. तुमचीच मागणी होती ना, विभागाने तुमचं नाव घेऊन कौतुक केलंय, आता काय नखरे करता? कारण विचारलं तेव्हा फकीरने पाठ दुखते म्हणून सांगितलं. पाठदुखीची मॅनेजरकडे गोळी होती.

रविवारी सुट्टी होती. त्याने दुपारी वरवटला जाऊन टुनकीचा ऑटो धरला, पुढे बसला आणि रस्ता पाठ करायला लागला. संग्रामपूर सुटल्यावर पहिलं वळण उजवीकडे, निंबापाशी. मग कठडा नसलेला पूल. मग सरळ, चारशे मोजेपर्यंत सरळ. मग दोन गतिरोधक. तेरा वळणं, तीन पूल. ऑटोवाला म्हणाला, काय पुटपुटून राह्यले चाचा, नमाज पढून राह्यले काय? फकीर म्हणाला, हाव. परत येताना त्याने डोळे मिटून मोजून पाहिलं. सातव्या वळणापर्यंत जमलं. तिथे म्हशींचा कळप रस्त्यावर होता, ऑटो थांबला आणि सगळा हिशेब चुकला. म्हशी पाठ करता येत नाहीत. तो घरी आला आणि जेवला नाही.

सोमवारी साडेपाचपासूनच वरवटच्या थांब्यावर गर्दी होती. गाडीला झेंडूचं तोरण. सरपंच, दोन सदस्य आणि मुद्दाम बुलडाण्याहून आलेल्या जयमाला मॅडम. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही फेरी कार्यालयात बसून निघालेली नाही, ती या ड्रायव्हरांनी दाखवून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फकीरच्या गळ्यात हार पडला. बाजार आटोपून आलेल्या बायका टोपल्या घेऊन चढत होत्या. टुनकीची मंजुळाबाई, मिरच्या-वांगी विकणारी, साठीची, पहिल्यांदाच वेळेवर जागा मिळाली म्हणून ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली. ती म्हणाली, “भाऊ, तीन साल ऑटोच्या फळीवर बसून गेली. माह्या नातवाची माय ऑटोतून पडून मेली, तवापासून जीव मुठीत धरून जातो आम्ही. आता तुमी हाय, मंग कायचं भेव?”

आणि दांड्याला डोकं टेकून ती झोपली. गाडी अजून हललीही नव्हती. फकीरला आरशात ती दिसत होती, तोंड थोडं उघडं, टोपली मांडीशी धरलेली. आत दिवे असल्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. बाहेरचं जात होतं. पिंपळ गेला, समोरची पाटी गेली, माणसांचे चेहरे गेले, नुसते आवाज उरले. त्याने क्लच घट्ट दाबून धरला. निंबापाशी उजवीकडे, कठडा नसलेला पूल, चारशे मोजायचे, असं तो म्हणत होता.

समोर कुणीतरी नारळ फोडला. फट्ट आवाज झाला, “चला, येऊ द्या” असं कुणीतरी ओरडलं. वामनराव असावा. फकीरने हेडलाइट लावले, समोर पांढरं झालं, मोकळं वाटलं. त्याने पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

बाहेर एकदम कल्ला झाला. पत्र्यावर धडाधड हात पडले. फकीरने ब्रेकवर पाय मारला आणि गाडी गचका देऊन बंद पडली. मागे टोपल्या सांडल्या. वामनराव बंपरसमोर दोन्ही हात टेकून, गुडघ्यांवर होता. नारळ फुटला की त्याचं खोबरं ड्रायव्हरला द्यायचं म्हणून तो चाकापुढे पडलेले तुकडे वेचायला वाकला होता. भर हेडलाइटच्या उजेडात, पांढऱ्या शर्टात. शंभर लोकांना दिसत होता. गाडी त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती.

वामनराव उठला, हसायचा प्रयत्न करत खिडकीशी आला आणि खोबऱ्याचा तुकडा वर धरून म्हणाला, “काय फकीरभाई, मलेच बळी देता काय?” लोक हसले, भीती गेल्यावर हसतात तसे. सगळं निभावून न्यायला तेवढं हसू पुरेसं होतं. फकीरलाही हसता आलं असतं. क्लच सरकला म्हणता आलं असतं.

त्याने आरशात पाहिलं. गचक्याने मंजुळाबाईचं डोकं दांड्यावर आपटलं होतं. ती कपाळ चोळत होती आणि डोळे मिटून परत झोपायच्या बेतात होती.

फकीर मोहम्मदने किल्ली काढली. दरवाजा उघडून पाय खाली टाकला तर पायरी सापडेना, म्हणून तो चाचपडत, उलटा होऊन, भिंतीवरून उतरावं तसा उतरला. मॅडमचा आवाज ज्या बाजूने येत होता त्या बाजूला तोंड करून त्याने किल्ली पुढे धरली.

“म्याडम, मले अंधारात दिसत नाई,” तो म्हणाला. “वामनराव मले दिसला नाई. तुमी बी नाई दिसून राह्यल्या.”

मग मॅडमनी विचारलं, कधीपासून. दोन वर्षं, त्याने सांगितलं. मॅडमनी टॅब बंद केला. तो दोन वर्षं रोज कोणत्या रस्त्याने परत जात होता ते त्यांच्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनीच ते मोजलं होतं. त्यांच्या आवाजात राग होता की दुसरं काही, ते फकीरला कळलं नाही, कारण चेहरा दिसत नव्हता. त्या म्हणाल्या, “उद्या अकरा वाजता कार्यालयात या. लायसन घेऊन या.” फेरी उद्यापासून दुसरा ड्रायव्हर चालवील, आज ऑटो करा, असं त्यांनी वामनरावाला सांगितलं. नोकरीचं त्या काही बोलल्या नाहीत आणि त्यानेही विचारलं नाही. फिजाचं एक वर्ष राहिलं होतं.

मग लोकांना बोलणं सुचलं. दोन वर्षं आमची लेकरं याच्या गाडीत बसत होती, कुणी म्हणालं. दिवसा दिसते त्याले, दुसरं कुणी म्हणालं. कुणीतरी शिवी दिली. बायका टोपल्या उतरवू लागल्या, सांडलेल्या मिरच्या मोबाइलच्या उजेडात वेचू लागल्या. मंजुळाबाई सर्वांत शेवटी उतरली. झालं काय ते तिला सुनेच्या वयाच्या एका बाईने सांगितलं. ती फकीरसमोर येऊन उभी राहिली. त्याला तिच्या टोपलीतल्या कोथिंबिरीच्या वासावरून कळलं. ती म्हणाली, “मी तं झोपली होती रे, बावा.” आणि ऑटोकडे गेली.

ऑटोंचे आवाज दूर गेले तेव्हा थांब्यावर फकीर एकटा उभा होता. गळ्यात हार तसाच. सहा-दहाचा दुधाचा टेम्पो आज अजून निघालेला नव्हता, इंजिन चालू असल्याचं ऐकू येत होतं. कचरू जवळ येऊन उभा राहिला.

“म्हंजे दोन वर्स तुमी माह्या सोबतीले नाई, माह्या लाइटले पाहून येत होते.”

“हाव.”

“मांगच्या माघात तो बल्ब उडाला होता, फकीरभाई. मले नांदुऱ्याले गेल्यावर समजलं.”

“मले पुलावर समजलं,” फकीर म्हणाला, आणि ड्रमचं, ताडपत्रीचं, त्या बाईचं सगळं सांगितलं. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. टेम्पोच्या पुढे त्या रात्री एक बैलगाडी होती, असं कचरू पुटपुटला. पुलाच्या अलीकडे त्याने कचकन ब्रेक मारला होता. मागे अकरा टन येत होते.

“बसा,” कचरू म्हणाला. त्याने फकीरचा हात धरून टेम्पोच्या दरवाजाच्या मुठीवर ठेवला, पण तो सोडताना जरा लवकरच सोडला.

टेम्पो निघाला. कॅन एकमेकांवर आपटत होते. जळगाव जामोद गेलं. फकीरला समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही दिसायची गरज नव्हती. उद्याचे अकरा वाजायचे होते, बानोला सांगायचं होतं, फिजाला सांगायचं होतं. ती भीती होतीच. पण नदीचा ओला वास आला, पूल आला, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

कचरूने पुलावर गाडी अगदी हळू केली. मागे रस्ता पार रिकामा होता, एकही दिवा नव्हता. तरी तो नांदुऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा आरशात पाहत राहिला.